सीट काढलेली व्हॅन

हसू नका, पण माझी उंची एकदा माझ्या नोकरीवरच उठली होती. लातूर जिल्हा नुकताच झालेला, त्यात दुष्काळ. नव्या ऑफिसात मी व्हॅनवर ड्रायव्हर लागलो. मागं पाण्याची पिंपं, त्यामुळं सीट मागं सरकत नव्हती. डोकं टपाला लागायचं अन् वळण घेताना गुडघा स्टेअरिंगला अडकायचा.

पहिल्याच दिवशी व्हॅन कुंपणाला घासली. साहेब म्हणाले, "उद्या जमलं नाही तर दुसरा ड्रायव्हर बघावा लागेल."

 संध्याकाळी मी सीटच उचकटून काढली. त्या जागी खाली एक फळी टाकली, तिच्यावर गोधडीची घडी ठेवली अन् पिंपाला पाठ टेकून, पाय पसरून बसलो. लई आराम वाटला.

दुसऱ्या दिवशी साहेबांना शेजारी घेऊन अहमदपूरकडच्या एका गावात पाणी नेलं. कुठं खरचटलंसुद्धा न्हाई. साहेब म्हणाले, "आता दुसरा ड्रायव्हर नको."

गावात बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. बाहेरून त्यांना काचेत माझं नुसतं कपाळ अन् डोळे दिसत होते. मी दार उघडलं. आधी पाय काढले, मग वाकून कंबर, मग खांदे सोडवले अन् सरळ उभा राहायला लागलो. समोरची म्हातारी मान वर वर करत बघत होती. शेवटी तिनं काळजीनं विचारलं,

"झालं का लेकरा उतरून, का अजून हायस आत?"