नवरी, गाडी आणि टाकीचं झाकण

अरे, आमच्या वंदीच्या लग्नाचं सांगायचंच राहिलं! माझ्या या बहिणीचा एकच हट्ट होता, बाबांची जुनी गाडी स्वतः चालवत मांडवात जायचं. अन् वाटेत कोहमारा गावाच्या पुढे गाडी बंद! मुहूर्त तोंडावर आलेला. मी बोनेट उघडून पाहिलं, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल येतच नव्हतं. टाकीचं झाकण काढलं, तर टाकी भरलेली. झाकण लावून चावी फिरवली आणि गाडी सुरू! थोडं गेलो, पुन्हा बंद. पुन्हा झाकण काढलं, पुन्हा सुरू. मग पुन्हा बंद पडली, तेव्हा शालू सावरत वंदीच उतरली.

"दादा, झाकण उघडलं का गाडी चालून राहिली. काऊन?"

तिनं कान लावून झाकण फिरवलं. फुस्स! हवा आत ओढली गेली.

"हे नवीन झाकण तूच लावलं ना? याले छिद्रच नाही! हवा आत जात नाही, तर पेट्रोल बाहेर येईन कसं?"

मी आनंदानं ओरडलोच! झाकण सैल ठेवून सुसाट निघालो आणि मुहूर्ताच्या आत पोहोचलो.

अंतरपाटापलीकडून नवरदेव पुटपुटला, "पेट्रोलचा वास कुठून येऊन राहिला?"

अलीकडून वंदी म्हणाली, "माझ्या हाताचा. सवय करून घ्या!"