अडकलेला बॉम्ब

सत्याऐंशी साल. पेडण्याच्या बसथांब्यावर निवृत्त वायुसैनिक धाकू परब बायकोला एकाहत्तरच्या युद्धातलं सांगत होते.

"शेवटचा बॉम्ब सुटलाच नाही. विमान उतरताना तो फुटायची भीती होती."

"मग?"

"पायलट म्हणाला, 'परब, हवाई छत्री घेऊन उडी मार.'"

"मारलीत?"

"नाही गे. वाट सांगणारा मी. धुक्यात त्याला एकट्याला धावपट्टी सापडली नसती."

"तेव्हा साईश माझ्या पोटात होता."

"ठाऊक होतं."

"सोळा वर्षं लपवलंत, आज का सांगता?"

"साईशला वायुदलात जायचंय. होय म्हणण्याआधी तुला कळायला हवं."

"उतरताना मी आठवले?"

"नाही. पायलटला उंचीचे आकडे वाचून दाखवत होतो."

"आणि नंतर?"

"विमान थांबलं तेव्हा आठवलीस, विनू. मग मला शिडी उतरवेना."