छातीवर रविराज

...नाही, तुम्हीच सांगा, मी पळणारा माणूस आहे का? हे पोट बघा! मी मखमलाबादचा वाळू, झेंडू लावतो, हार करतो, विकतो, आणि त्या दौडीच्या आधी आयुष्यात एकदाच पळालो होतो, तेही मधमाश्या मागे लागल्या म्हणून... तर तुम्हाला सांगतो, कारगिलनंतर दोनेक वर्षांनी, कडाक्याची थंडी, गंगापूर रोडला शहिदांसाठी दौड ठेवलेली, आणि मी तिथे गेलो कशाला? तर हार पोचवायला! शहिदांच्या आया पुढच्या रांगेत बसलेल्या, त्यांचे हार द्यायचे, चहा प्यायचा आणि घरी! मला पळायचंच नव्हतं हो!

पण ते सुभेदार गोटीराम, रिटायर झालेले, सगळा कारभार त्यांच्याकडे! त्यांची कल्पना काय, तर पळणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एका शहिदाचं नाव. आणि एक पळणारा आलाच नाही, ताप भरला म्हणे. नाव उरलं! सुभेदारांची नजर फिरत फिरत आली ती थेट माझ्यावर. "ए हारवाले, इकडं ये! आपला एकही जवान मागं राहणार नाही!" अहो साहेब, पायात स्लिपर आहे... "मग स्लिपरमध्ये पळ!" लावल्या पिना. शहीद रविराज, सायखेडा.

तेवढ्यात रांगेतून एक बाई उठून आल्या. सिंधुबाई, रविराजची आई. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही, त्या नावावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "बर्फात गेला हो माझा. घरी कायबी आलं नाय त्याचं. नीट आन बरं का दादा."

मग काय, पळालो!

सोमेश्वरच्या पुढून वळसा मारून परत यायचं होतं. पोरं सुटली भरधाव, बघता बघता धुक्यात गडप, आणि रस्त्यावर उरलो मी एकटा. दोन्ही बाजूला द्राक्षबागा, हात पुढे केला तर हात दिसत नाही, असं धुकं! माझी स्लिपर चपाक चपाक... आणि मागे बूट. खाड खाड. म्हटलं, चला, आपल्यासारखाच कोणीतरी ढ आहे! "या की पुढे," म्हटलं, "गप्पा मारत जाऊ." दम लागला म्हणून मी थांबलो, तर तुम्हाला सांगतो, बूट थांबेनात! आणि पुढेही जाईनात! जागच्या जागी, खाड खाड, खाड खाड... कदमताल! वळून बघतो तर रस्ता रिकामा. धुकं तेवढं बुटांच्या उंचीवर हलत होतं.

मी काय केलं असेल? पळालो! मला पळायचंच नव्हतं हो, पण पळालो!

मग मागून टेम्पो आला, थकलेल्यांना गोळा करणारा. ड्रायव्हर वाल्मीक, आमच्याच गावचा. "काका, बसा ना वर! मरून जाल!" एक पाय टाकलाही होता मी फळीवर... आणि धुक्यातून मैदानावरचा भोंगा ऐकू आला. तो निवेदक, काय गळा त्याचा! "शहीद अमुक अमुक... परतले आहेत!" टाळ्या! "शहीद तमुक... परतले आहेत!" टाळ्या! वाल्मीकला विचारलं, "आणि टेम्पोत बसणाऱ्याचं काय?" तो म्हणाला, "त्याचं नाव मी वायरलेसवर कळवतो ना." आणि लगेच भोंग्यावर, "शहीद फलाणे... परतू शकले नाहीत." टाळ्या नाहीत. मग एका बाईचा हुंदका, तोही माइकमध्ये आला.

पाय खाली घेतला मी. त्या माउलीला हे एकदा ऐकवलंय कुणीतरी, परत मी ऐकवू? भोंग्यावरून? "वाल्मीक, जा तू पुढे." "काका, एकटे मराल इथं!" "एकटा कुठे आहे रे मी!" असं म्हणालो आणि मलाच दरदरून घाम फुटला.

पुढचं विचारू नका. स्लिपरचा अंगठा तुटला, अनवाणी निघालो, दमून रस्त्यात बसलो. तर पाठीवर हात! दोन खांद्यांच्या बरोबर मध्ये, बर्फासारखा गार, आणि काय जोर हो त्या हाताला! ढकलत, ढकलत, ढकलत... मी ओरडतोय, "अरे बाबा, मी फुलवाला आहे! मला पळायचंच नव्हतं!" ऐकतोय कोण!

मैदानावर पोचलो तेव्हा मंडप सोडत होते. निवेदक गेला, सुभेदार गेले, खुर्च्यांची चळत लागलेली. एकच खुर्ची शिल्लक, तिच्यावर सिंधुबाई. हार मांडीवर तसाच. मी समोर जाऊन कोसळलो, आणि ती खाड खाड माझ्या मागे येऊन थांबली. पहिल्यांदा थांबली!

सिंधुबाई उठल्या. माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत राहिल्या, किती तरी वेळ, आणि हसल्या हो. मला तर रडूच कोसळलं. मग हार उचलला, माझ्या मागे हात उंच करून घातला, आणि तुम्हाला सांगतो, हार खाली पडला नाही! पडल्याचा आवाज तरी मी ऐकला नाही, आणि मागे वळून बघायची माझी काय छाती!

"केवढा उशीर रं," त्या त्याला म्हणाल्या. "पुढच्या वर्षाला बिगीन ये. आन् ह्या दादालाच संगं आन, लय गुणाचा हाय. रोज पळव त्याला."

झालं! तेव्हापासून रोज पहाटे खिडकीखाली खाड खाड, खाड खाड... बायको म्हणते, "जाऊ नका, झोपा मुकाट्यानं." आता मला सांगा, मी तिचं ऐकीन हो. पण तो आईचं सोडून माझ्या बायकोचं ऐकणार आहे का?