ससाण्यापायी बंद खिडकी

हॅलो?… हां, इवेलीस, बोल… मिळाले ना फोटो?… कसलं अभिनंदन गं! अगं, ‘या उन्हाळ्यात खिडकी लावून घेतली तर भट्टीतल्या पावासारखी भाजेन मी, पोरी,’ म्हणाल्या होत्या त्या. आणि मी हसले. हसले गं मी!…

कोण म्हणजे? डोन्या युफेमिया. तुझ्या डोक्यावर दोन मजले राहतात, त्याच आजी… हो, त्यांचीच खिडकी. फोटोतला ससाणा बसलाय ना, तो त्यांच्या खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्याच्या कठड्यावर… नाही, पिल्लं वर, गच्चीखालच्या पत्र्याच्या भोकात. बाप चिमणी मारून आणतो, कठड्यावर बसून पिसं उपटतो, मग वर नेऊन देतो…

हो, हो… अगं ऐक ना! रोज सकाळी आठला डोन्या धाडकन खिडकी वर करायच्या, बाहेर कठड्यालगत डब्यात लावलेल्या ओरेगानोच्या रोपाला पाणी घालायला. की हा मूठभर पक्षी भुर्र! रस्त्यापलीकडच्या माझ्या खिडकीतून महिनाभर नुसत्या शेपटीचे फोटो. म्हणून गेल्या शुक्रवारी मीच गळ घातली… हो, मीच! पिल्लं उडेपर्यंत खिडकी बंद ठेवा, दोनच आठवडे. ‘बरं,’ म्हणाल्या. ‘पहाटे फटीतून हात काढून माझ्या ओरेगानोला तेवढं पाणी घालीन.’

हस, हस. ‘ससाण्याची सून’ म्हण, काय वाट्टेल ते म्हण… पण सोमवारपासून पारा शंभर फॅरनहाइटला टेकलाय, आणि त्यांच्याकडे तो एक खडखडणारा पंखा…

आधी कसं कळणार? फोटोत मी बघते काय, तर पक्ष्याचा डोळा. डोळा रेखीव आला की झालं, मागचं सगळं धूसर. आणि चार दिवस तो जागचा हलला नाही, म्हणून मी खूश! बाई शब्दाला जागतेय म्हणून!… आत्ता एलियानला भरवता भरवता सगळे ओळीनं पाहिले. सोमवारी त्याच्या मागे ते रोप हिरवंगार. मंगळवारी मान टाकलेली. आज… गवत आहे गं. वाळकं गवत.

लेकीकडे? छे! ओरेगानो कुणाच्या तरी हवाली केल्याशिवाय त्या कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाहीत… केला ना फोन. सहा वेळा. नुसता वाजतोय…

तू शेवटचं कधी पाहिलंस?… रविवारी? चर्चमधून येताना?… जिन्यात बसल्या होत्या? घामाघूम?… अगं, मग मला सांगितलं का नाहीस! … नाही, नाही, तुला नाही बोलत. तुला काय माहीत, खिडकी कुणी बंद करवली ते.

नाही, मी नाही रडत, एलियान रडतोय… थांब, शू, शू, राजा… हे बघ, इवेलीस, मी याला कडेवर घेऊन निघालेच. पण मला पाच मजले उतरून रस्ता ओलांडायचाय, तुला दोनच चढायचेत. तळघरातल्या रखवालदाराकडे किल्ली असते… जेवतोय तर जेवू दे, ताटावरून उठव त्याला! दार उघडलं नाही तर सरळ रुग्णवाहिका बोलाव…

आणि आत गेलीस की आधी खिडकी उघड. सताड. धाडकन, त्या उघडायच्या तशी… उडू दे गं त्याला! रस्त्यावरून तो उडालेलाच बघायचाय मला… फोन ठेव आता. जा, इवेलीस… आधी त्यांना बघ.