भोंग्याच्या फुलांची काडी

ऐका गं बायांनो! हात थांबवू नका, पिशव्यांत माती दाबून भरा, उद्या रोपांची गाडी जायची आहे. पण कान इकडे द्या. आणि ए कुसुम, मघाशी काय म्हणालीस? कालव्याच्या वाटेनं जाते, लवकर पोचते? बस खाली! ऐकल्याशिवाय उठायचं नाही.

माझा थोरला भाऊ सोपान. तुम्ही त्याला आता बघता, काठी टेकत चालतो. तेव्हा गडी असा, की नुसती काडी मातीत खोचली तरी फुटायची. गुलाब म्हणू नका, जास्वंद म्हणू नका. पण जीव अडकला होता एका झाडात. कालव्याच्या साहेबाचा बंगला आहे ना, पडका? त्याच्या फाटकाआत दोन झाडं. हातभर लांब पांढरी फुलं, भोंग्यासारखी, तोंड खाली करून लटकलेली. दोन्ही दिसायला एकसारखी. पण वास एकालाच. आणि तोही रात्रीच! दिवसा नाक लावा, काही नाही.

आता करायचं काय? सोपान म्हणाला, "रातच्याला जातो. वासाचं झाड हुडकतो, दोरा बांधतो, सकाळी काडी घेतो." बरोबरच होतं की. कारण आपल्या माळ्यांची रीत काय? दिवस बुडल्यावर झाडाची काडी तोडायची नाही, झाड निजलेलं असतं. आणि परक्या झाडाची काडी घ्यायची तर बुडात तांब्याभर पाणी, गुळाचा खडा, आणि "आई, एक काडी नेतो." रिकाम्या हातानं काडी उचलायची नाही.

निघाला. जेवून, कंदील घेऊन. घरात सगुणावहिनी, त्यांची पाच वर्षांची इंदी, आणि पलीकडच्या खोलीत मी झोपलेली.

फाटक ढकललं आणि काय वास आला म्हणता! गोड. डोक्यात चढणारा. सोपाननं दोरा काढला, बांधला. निघायचं ना बाबा? नाही! मनात आलं, सकाळी दुसऱ्या कुणी नेली तर? काढलं सिकेटर, फांद्या छाटायची कात्री, आणि कच्च! काडी हातात. पाणी नाही, गूळ नाही. वर तोंडानं म्हणाला काय? "आई, तुझं देणं सकाळी आणून देतो."

तर झाडातून आवाज आला. बाईचा. अगदी शांत.

"सकाळी कशाला? मीच येते घ्यायला."

बाई गं! कंदील पडला. विझला. सोपान पळाला. फाटकाबाहेर, कालव्याच्या कडेनं, पळतोय, पळतोय. आणि समोर काय? फाटक! तेच! परत फिरला, उलट्या दिशेनं पळाला. पुन्हा फाटक! चकवा लागला होता त्याला. आणि काडी जड व्हायला लागली. एवढीशी काडी, पण दोन्ही हातांनी धरावी लागली. वर गरम. ताप आलेल्या पोराच्या अंगासारखी गरम. हसू नकोस चंपा, तुझ्यावर यायला पाहिजे होतं.

टाकून का दिली नाही म्हणता? हात उघडेना! बोटं मिटली ती मिटलीच. धापा टाकत त्यानं वर बघितलं, ढगाआडून चंद्र निघाला होता. तर ती फुलं, खाली तोंड करून लटकणारी सगळीच्या सगळी फुलं, तोंड वर करून त्याच्याकडे वळलेली!

आणि झाडाच्या बुडात कोण उभं? इंदी!

त्याची इंदी. झोपेत परकराची गाठ सुटलेली, पाय चिखलानं भरलेले. एक हात वर केलेला, कुणाचं तरी बोट धरल्यासारखा. शेजारी कुणी नाही. सोपान म्हणाला, भास आहे, चकव्याचा खेळ आहे. जवळ जाऊन पायाला मिटल्या मुठीची पाठ लावली. पाय गार. खरा. पोर खरीच होती!

तिथं माझा भाऊ आडवा पडला गं. मोठ्यानं रडला. "आई, चुकलो! तुझी काडी घे, माझी पोर दे!" हात उघडला तेव्हा कुठं. काडी मातीत खोचली, पण द्यायला काय? रिकाम्या हातानं उठायचं नाही, एवढं त्या घाईतही त्याला सुचलं. मग सिकेटर ठेवलं बुडात. आमच्या बाबांच्या हातचं, ज्याच्यावर घर चाललं होतं, ते. "हे घे. हा माझा हातच ठेवला समज."

इंदीचा वर केलेला हात खाली पडला.

उचलली, खांद्यावर टाकली, आणि सुटला! आता वाट सरळ होती. झोपलेल्या पोरीचं तोंड बापाच्या खांद्यावरून मागं होतं. अर्ध्या वाटेत जागी झाली आणि म्हणाली, "आप्पा, तुमी अजून झाडाखाली का हुबं ऱ्हायलाय?"

सोपाननं मागं बघितलं नाही. बघितलं असतं तर आज तुम्हाला दिसला नसता.

घरी आला तर वहिनी दारातच, हातात पेटती चिमणी. म्हणते, "आलात व्हय दोघं? दाखवली का पोरीला फुलं?"

"कुणी दाखवली?"

"आता तुमीच न्हाई का येऊन गेला? म्हनला, इंदीला फुलं दावतो. मीच न्हाई का कडी काढली?"

तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, विषारी झाड आहे, वासानं डोकं फिरतं. फिरत असेल. मग घरात बसलेल्या वहिनीचं कसं फिरलं? तिथवर वास येतो का?

इंदीला आता नातवंडं आहेत. पण माहेरी आली आणि सोपान दारातून आत आला, की ती आधी त्याच्या पाठीमागं बघते. मग पाया पडते.

तेव्हा कुसुम, लांब पडू दे, उशीर होऊ दे, डांबरी रस्त्यानं जा. त्या वाटेला पाऊल टाकायचं नाही. आणि तो वास आलाच, तर "किती छान" असंसुद्धा तोंडातून काढू नकोस, ते मागितल्यासारखंच होतं, आणि घरात तुझं तान्हं आहे.