नऊ नंबरची टाकी

— ते सगळं खरं, पण ताई, आधी मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवायचा, दुकानदारावर की माशावर? मी हे प्रत्येकाला विचारतो, आणि लोक भिडेखातर म्हणतात, तुमच्यावर, काका. चूक. माशावर ठेवायचा. दुकानदार गोड बोलतो — मी बोलतोच की, एकतीस वर्षं त्याच्यावरच घर चाललंय — पण मासा खोटं बोलत नाही. बरं नसलं की पंख अंगाशी आवळून कोपऱ्यात उभा राहतो, नाकासमोर खाणं पडलं तरी ढुंकून बघत नाही. बसा ना, तो स्टूल घ्या. नाही, तो नको, तो दुसरा घ्या. दीड फुटाची टाकी म्हणालात, मुलीसाठी, आणि रंगीत हवेत, शिवाय चारचौघांकडे नसतील असे हवेत. मिळतील. किती वाजले? साडेतीन. चारला माझी सून येते, नातीला शाळेतून घेऊन. तोवर आहे वेळ.

हा बघा काचमासा. आरपार दिसतो, हवे तर काटे मोजून घ्या. इतकं मोकळं गिऱ्हाईक मला जन्मात भेटलं नाही. पण ह्याला पाच-सहांचा गोतावळा लागतो, एकटा ठेवला तर भीतीनेच जातो, आणि तुमच्या टाकीत गोतावळा मावत नाही. मग हा, वाटाण्याएवढा — हा फुगतो, डोळे दोन दिशांना फिरवतो, पोरं खिळून राहतात. पण दुसऱ्यांच्या शेपट्या कुरतडतो. माझ्या थोरल्या मेव्हण्यासारखा, दिसायला गरीब. आणि कुणी तुम्हाला गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचे काचेसारखे मासे दाखवले तर सरळ उठून या. तो रंग सुईने टोचलेला असतो. मीही विकलेत, पहिल्या वर्षी, कळत नव्हतं तेव्हा. एक बाई दोन महिन्यांनी पिशवीत मासा घेऊन आल्या, काका, ह्याचा रंग गेला हो. मी म्हटलं, धुतलात वाटतं. दुकानभर हसलो आम्ही. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही. तेव्हापासून तो माल बंद. सांगायचं काय, की मी तसा खोटा माणूस नाही, ताई.

तुमच्यासाठी हा एकटा फायटर. अंगावर शाईची दौत उपडी झाल्यासारखा — असे दोन सारखे सापडत नाहीत. सोबत तळाला चार पट्टेरी गोगलगायी. बास. कमी ठेवलेत तर —

ती? नाही, ती नऊ नंबरची टाकी विकायची नाहीये. हो, दिसतात सुंदर. केशरी अंग, निळे ठिपके, शेपटीला वरखाली दोन टोकं. किली म्हणतात त्यांना. पैशांचा प्रश्न नाही हो, दुप्पट दिलेत तरी नाही. दोनच उरलेत. ताई, जरा इकडे सरका. काचेला हात लावून काही होत नाही, पण नका लावू.

हाताला? काही नाही, खरचटलंय. पट्टी मोठी दिसते, जखम तेवढी नाही. म्हणजे — आता किती झाले?

बरं, तुम्ही विचारलंतच आहे तर ऐका. ह्या दुकानाचे नियम मीच केलेत, नुकसान सोसून, कुठल्या पुस्तकातून नाही. नवा मासा आला की तीन आठवडे मागच्या खोलीत. त्याची टाकी वेगळी, जाळी वेगळी, पाणी ओढायची नळी वेगळी. हा एक नियम. दुसरा म्हणजे ही वही, खिळ्याला टांगलेली. विकला तर विकला, मेला तर मेला, तारखेसकट. आठवड्यात दोन मेले की टाकी उपसायची, दगड फेकून द्यायचे. बाकीची दुकानं बुडाली, मी टिकलो, ते ह्या वहीवर. मग हे किली आले, तेरा. पिशवीला दिवा लावून बघितलं आणि नियम विसरलो. नवरी घरात आल्यावर तिला कोणी मागच्या खोलीत कोंडतं का? लगेच इथे, दारासमोर सोडले. लोक रस्ता ओलांडून बघायला यायचे. तुम्हीही त्यांनाच बघून आत शिरलात ना? मग.

दहाव्या दिवशी एक गेला. पाठ वाकलेली, पोट खपाटीला. दगडाखाली अडकला होता, काढताना माझं बोट कापलं. पुसलं आणि वही घेतली, आणि लिहिलं — विकला. का लिहिलं? मेला लिहिलं असतं तर दुसऱ्या मेल्यावर टाकी उपसावी लागली असती. मग दुसराही विकला. असे अकरा विकले मी, ताई, आणि पिशवी एकही बांधली नाही.

आता माझी नात. पहिलीत आहे. आम्ही तिला कारकूनबाई म्हणतो, कारण शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी मासे मोजते आणि वहीशी ताडून बघते. मीच लावलेली सवय. आकडे ह्याच वहीवर शिकली ती. म्हणाली, आजोबा, काल दोन विकले लिहिलंय, पण मी इथेच बसले होते, कोणीच नेले नाहीत. काय सांगणार? म्हटलं, दगडांखाली लपलेत गं, लाजरे आहेत. झालं. एक दिवस मी असाच गिऱ्हाइकाशी गप्पा छाटत होतो, आणि ती त्या स्टुलावर चढली — म्हणून म्हटलं तुम्हाला, तो नको — चढली आणि कोपरापर्यंत हात आत घालून एकेक दगड उलटायला लागली. लपलेले शोधत होती. उजव्या हाताचं पेर खरवडलं. एवढंसं रक्त. मी नळाखाली धुतलं, फुंकर घातली, आईला सांगू नकोस म्हटलं. तिने नाही सांगितलं. शब्दाची पक्की आहे.

बघायचंय? पट्टी काढतो. ही पहिली गाठ, ही दुसरी, आणि मग मनगटावरून कोपराकडे अशी ओळ चाललीये, माळेतले मणी निघावेत तशी. सहा आठवडे झाले, दुखत नाही फारसं, वाढतंय फक्त. डॉक्टरला सांगितलं, खिळा लागला. मासे नाही सांगितले. वाटलं, दुकानाची बोंब होईल. त्याने मलम दिलं, मलमाने काय होतंय. मग मासे पुरवणारा आला, त्याने हात बघितला आणि तोंडातला चहा गिळायचा थांबला. म्हणाला, काका, हे टाकीच्या पाण्यातलं दुखणं, कापलेल्या जागेतून शिरतं. गोळ्यांनी बरं होतं, पण महिनोन्‌महिने घ्याव्या लागतात, आणि मासे सांगितल्याशिवाय डॉक्टरला ते सुचत नाही. त्याच्या ओळखीतल्या एकाने उशीर केला, त्याचं बोट वाकायचं थांबलं ते थांबलंच.

माझ्या बोटाचं जाऊ द्या हो. मी ह्या हाताने ह्यापुढे काय लिहिणार आहे? पण रविवारी नातीच्या पेरावर गाठ दिसली. वाटाण्याएवढी. सून म्हणाली, डास चावला असेल, नाही का हो मामंजी? आणि मी म्हणालो, हो, डासच. ऐकलंत ना? हो म्हणालो मी. आज गुरुवार. चार दिवस झाले, रोज चार वाजता ती येते, मासे मोजते, पेर खाजवते, आणि मी तिच्या आईला चहा विचारतो.

तुम्ही उठलात? बरोबर केलंत. फायटर नका नेऊ. ह्यातल्या कुठल्याच टाकीतला नका नेऊ, मागच्या खोलीतली जाळी फाटली म्हणून ह्या नऊ नंबरचीच सगळीकडे फिरली, दीड महिना. पलीकडच्या गल्लीत दुकान आहे, तो माणूस महा लबाड, माशांवरच भरवसा ठेवा. मुलीला खरचटलेला हात पाण्यात घालू देऊ नका. आणि ही कोरी वही घ्या, असू द्या, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला देतो. तुम्हाला एकटीलाच माशाविना देतोय.

त्या बघा, त्या दोघी. कोपऱ्यावर आल्या. दप्तर आईकडे दिलंय, म्हणजे धावत येणार. काय सांगू, ताई, सुरुवात कुठून करू? मघाशी तुम्हाला सांगितलं तसंच सांगतो. तसंच, पहिला मासा मेला तिथून.

ये, सूनबाई. नाही, तिला आत सोडू नकोस. धर तिला, दारातच धर, मी येतो बाहेर. चहा नको, रिक्षा थांबव. — तुम्ही निघा, ताई, निघा आता. मुलीला मोजू द्या रोज. आणि वहीत मेला तर मेलाच लिहा.