दुखतंय का, असं विचारणारं माणूस

मंडळी, ताईंच्या या फिजिओथेरपीच्या खोलीत आज पहिल्यांदाच कुणी कण्हत नाही. म्हणूनच बोलायला जड जातंय. कॉलेज मी मधेच सोडलं, भाषणाची सवय नाही. चुकलं तर पोटात घाला.

तुम्ही बरेचसे ताईंचेच पेशंट. हुपरीचे मामा पैंजण घडवून आखडलेला खांदा घेऊन आले, मी गुडघा घेऊन आलो. तो का मोडला तेही सांगतो, ताईंना माहीतच होतं. जिच्यावर जीव होता तिचं लग्न ठरलं. माझं डोकं फिरलं, जोतिबाच्या घाटात गाडी घातली. वळणाला गाडी वळली नाही.

प्लास्टर निघालं, पण पाय वाकेना. ताई हळूहळू दाबायच्या आणि विचारायच्या, "दुखतंय का?" मी म्हणायचो, "न्हाय." तालमीत वाढलेलं पोर मी. वस्तादापुढं कण्हायचं नसतं, तीच खोड. मी न्हाय म्हणायचो, ताई आणखी वाकवायच्या. दुसऱ्या दिवशी गुडघा टम्म सुजला.

काय तापल्या ताई! "गाढवा, गुडघा माझ्या हातात हाय, पण दुखणं तुझ्यापाशी हाय की! तू खोटं बोललास तर मी आंधळी. आणि घरचा व्यायाम कोण करणार, मी?"

मामा शेजारच्या कॉटवरून म्हणाले, "ताई, ह्याचं खरं दुखणं गुडघ्याच्या लई वर हाय."

ताई हसल्या. "त्याला माझ्याकडं मशीन न्हाय. पण सांग, ऐकीन की."

मग मी सांगायला लागलो. इथं ओढ बसतेय. इथं कळ येतेय. आता थांबा. घरी दार लावून, पावलाला टॉवेल अडकवून एकटाच पाय ओढत बसायचो. खोलीत मी, तो टॉवेल आणि तिची आठवण. पाय वाकला. "मी न्हाय वाकवला, तू वाकवलास," असं ताईच म्हणायच्या.

मंडळी, मला राग येतोय. कुणावर काढू? गेल्या महिन्यात ताई इथल्याच जिन्यात छातीवर हात ठेवून थांबल्या. मी विचारलं, "ताई, काय होतंय?" म्हणाल्या, "काय न्हाय रे." आणि मी गप्प वर आलो! गुडघा सुजल्यावर ज्यांनी आपलं एकही "न्हाय" खरं मानलं नाही, त्यांचं "न्हाय" आपण कसं मानलं? एकट्या राहायच्या ताई. ज्या पहाटे छातीत कळ येऊन गेल्या, तेव्हा शेजारी विचारायला कुणी नव्हतं.

आता मला तरी कोण विचारणार?

चला, ताईंसाठी थोडा वेळ गप्प उभे राहूया. ज्यांचे गुडघे दुखतायत, त्यांनी खुशाल बसून राहावं. लाजू नका. या खोलीत खोटं चालत नव्हतं.

मी उभा राहतो.

ताई, दुखतंय.